एका शब्दाचं शुद्धिपत्र

माझं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलं. लग्नाआधी आणि लग्नानंतरचीही काही वर्षं मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. ऱ्हस्वदीर्घ, गळालेला अनुस्वार, उलटा बसलेला टाइपाचा खिळा, माझ्या नजरेतून सहसा काही सुटायचं नाही. पुस्तक छापून, बांधून झाल्यावर चूक सापडली, की एक चिठ्ठी छापून आतल्या पानाला चिकटवत. डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध. तिला शुद्धिपत्र म्हणतात. माझ्या हातून गेलेल्या पुस्तकांना ते क्वचितच लागलं आणि याचा मला तोरा होता. तो अमेरिकेत आल्यावरही उतरला नाही. इथे आमच्या शॉमबर्ग गावच्या मराठी मंडळींचा दिवाळी अंक अजून माझ्याच डोळ्यांखालून जातो आणि लिहिणारे मला टरकून असतात. अशा बाईने एका शब्दाच्या बाबतीत जी चूक केली, ती सांगायला बसले आहे.

नवरा गेला त्याला आता चार वर्षं झाली. मुलगी क्युपर्टिनोला असते. ती इथेच जन्मली. तिला मराठी कळतं सगळं, पण तोंडातून येतं ते इंग्रजी. दर रविवारी सकाळी फोन करते. तो अर्धा तास मी मराठीत बोलते, ती तिच्या भाषेत उत्तरं देते, आणि आठवडाभराचं माझं मराठी तिथे संपतं. स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत, एक इथलं, एक पुण्याचं. पुण्याचं नवऱ्याने लावलं होतं, तिकडची वेळ बघून फोन करता यावा म्हणून. आता पुण्यात फोन करावा असं कुणी उरलेलं नाही. तरी मी त्याची बॅटरी बदलत राहते.

आमची घरं एकाला एक चिकटून आहेत, मधली भिंत पातळ. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये शेजारच्या घरातून एका वयस्कर बाईचा आवाज येऊ लागला. भाषा कळेना, पण दर वाक्याला एक शब्द स्पष्ट यायचा. “मेला.” मग काहीतरी लांबलचक, आणि पुन्हा “मेला, मेला.” ज्या घरातून माणूस गेलंय, त्या घरात हे ऐकायला कसं वाटेल? पहिल्या दिवशी मी हातातलं भांडं ओट्यावर ठेवून खाली बसले. दुसऱ्या दिवशी मला राग आला. मेला हे मला माहीत आहे, भिंतीतून कुणी सांगायची गरज नाही, असं मी त्या भिंतीला मोठ्याने म्हटलं.

आठवड्याने तिचा मुलगा दारात आला. पंचावन्नच्या आसपासचा, ऑफिसची बॅग खांद्याला, चेहरा थकलेला. आईला आपल्याकडे आणलंय, म्हणाला, वडील गेल्यावर ती डेट्रॉइटला एकटी होती. ती माल्टाची आहे. माल्टा म्हणजे संत्र्यासारखं एक फळ, एवढंच माझं ज्ञान. त्याने फोनवर नकाशा काढून दाखवला. समुद्रात दोन ठिपके. तो म्हणाला, आपल्याकडून विमानतळ गाठायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मोठा ठिपका या टोकापासून त्या टोकापर्यंत संपतो, आणि आई धाकट्या ठिपक्यावरची.

मी आधी तेच विचारलं. “मेला म्हणजे काय?”

तो हसला. “काहीच नाही. ‘सो’, ‘देन’, ‘ऑफ कोर्स’. तिकडची माणसं त्याच्याशिवाय तोंड उघडूच शकत नाहीत.”

म्हणजे आपलं ‘मग’, ‘तर’, ‘अर्थात’. आठवडाभर मी उगाच छातीवर दगड ठेवून वावरत होते.

मग त्याने आल्याचं कारण सांगितलं. मंगळवारी आणि गुरुवारी त्याला ऑफिसला जावंच लागतं. बारा ते तीन मी तिच्याजवळ बसेन का? आईची स्मृती जाते आहे. डॉक्टर म्हणाले, शेवटी शिकलेली भाषा आधी जाते. साठ वर्षं वापरलेलं इंग्रजी दोन वर्षांत गळून पडलं, आता फक्त माल्टीज उरली आहे. आणि ती त्याला येत नाही. शाळेत मागे पडू नये म्हणून त्याच्याशी घरात इंग्रजीच बोलायचं, असं आईवडिलांनी ठरवलं होतं. “मला शिव्या येतात आणि खाण्याचे पदार्थ येतात,” तो म्हणाला, आणि बुटांकडे बघत राहिला.

मी हो म्हटलं. दया आली म्हणून नव्हे. मला बघायचं होतं. माझंही इंग्रजी उशिरा शिकलेलं. ते गळून पडलं तर माझ्याजवळ काय उरणार आणि ते कुणाला कळणार, हा विचार मी आजवर केला नव्हता, आणि आता तो डोक्यातून जाईना. पलीकडच्या खोलीत माझंच पुढचं पान उघडलेलं होतं.

मी तिला मावशी म्हणायला लागले. ठेंगणी, रुंद मनगटांची, गळ्यात बारीक क्रूस. हातात जपमाळ घेऊन ती देवाला “अल्ला” म्हणायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी क्रुसाकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. त्यांच्या भाषेचं मूळ अरबीत, वरचा साज इटालियन आणि लिपी रोमन, हे मला नंतर वाचून कळलं. लहानपणी गावात उंबऱ्यावर बसून ती लेस विणत असे. लांबट उशीवर टाचण्या टोचायच्या आणि दोऱ्यांच्या लाकडी कांड्या इकडून तिकडे फिरवायच्या. आता उशी नव्हती, कांड्या नव्हत्या, पण टीव्ही बघताना तिची बोटं मांडीवर तेच करत राहायची. तिच्या खोलीत गावच्या चर्चचा एक फोटो होता. दोन मनोरे, दोन घड्याळं, दोन्हींत वेगळी वेळ. मुलगा म्हणाला, एक घड्याळ नुसतं रंगवलेलं आहे, सैतानाला खरी वेळ कळू नये म्हणून. माझ्या स्वयंपाकघरातल्या दोन घड्याळांबद्दल मी त्याला काही बोलले नाही.

पहिल्याच दिवशी मी आपल्या पद्धतीने निघाले. जाताना ‘जाते’ म्हणायचं नाही. उंबऱ्यात वळून म्हटलं, “येते हं, मावशी.” तिने वॉकरवरचा एक हात जरासा उचलला आणि म्हणाली, “सह्हा.”

मी सहा वाजता परत गेले. मुलाने दार उघडलं आणि घाबरून विचारलं, काही विसरलात का? मी म्हटलं, तुमच्या आईने सहाला बोलावलं होतं. हे म्हणत असतानाच माझ्या लक्षात आलं, की मी काय बोलते आहे. तिला मराठी येत नाही हे मला माहीत होतं, माझ्या कानांना माहीत नव्हतं. सह्हा म्हणजे आरोग्य, आणि निरोप घेतानाही तेच म्हणतात. त्या दिवशी मात्र सहा वाजता बोलावलेली पाहुणी म्हणून मला चहा मिळाला.

पुढच्याच आठवड्यात, मी मावशींकडे असताना, रविवार नसूनही मुलीचा फोन आला, तिच्या ऑफिसमधल्या कुणाचं तरी लांबण लावून सांगत होती, आणि मी शेजारच्या सोफ्यावर बसून नेहमीसारखी “बरं, बरं” करत होते. मावशी उठल्या. कोट घातला, वॉकर ओढत दाराकडे निघाल्या. चेहरा पडलेला. संध्याकाळी मुलाने सांगितलं, “बर्रा म्हणजे बाहेर. आम्ही चिखलाचे पाय घेऊन किचनमध्ये आलो की ती तेच ओरडायची.” मी अर्धा तास तिच्याच घरात बसून तिला बाहेर हो, बाहेर हो म्हणत होते. तेव्हापासून फोनवर मी ‘हं, हं’ करायला शिकले. मुलीने विचारलं, आई, आर यू अप्सेट?

या दोन फजित्यांनंतर मी वही केली. ऐकलेला शब्द देवनागरीत लिहायचा, घरी येऊन इंटरनेटवरच्या कोशात शोधायचा. त्यांच्या लिपीत एका एचच्या डोक्यावर आडवी काट आहे, जी या अक्षरावर टिंब आहे. मला मजा यायला लागली. चाळीस वर्षांनी पुन्हा टेबलाशी ताठ बसून मी अक्षरांवर बोट ठेवत होते. पाणी, पाव, दुखतंय, थंडी वाजते, संडास. एकेक शब्द सापडला की मंगळवारी तो वापरून बघायचा. मी “इल्मा?” म्हणून पाण्याचा पेला पुढे केला त्या दिवशी तिने माझ्याकडे असं बघितलं, की मला स्वतःची लाज वाटली. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी इतकं आनंदावं अशी तिची अवस्था होती.

ती एक प्रश्न फार विचारायची. “फेन इल-बहर?” समुद्र कुठे आहे? तिच्या गावातला कुठलाही रस्ता चालत गेलं की समुद्राशी संपायचा. इथे कुठलाही रस्ता दुसऱ्या रस्त्याला मिळतो, तो पार्किंगला. एका गुरुवारी मी तिला आमच्या घरांमागच्या तळ्याशी नेलं. पावसाचं पाणी साठवायला बिल्डरने खणलेलं तळं, मध्ये कारंजं, काठाला हंस आणि त्यांची घाण. मी हात करून म्हटलं, “बहर.” ती बराच वेळ बघत राहिली. मग “ले” म्हणाली. ले म्हणजे नाही. आणि हसली, लहान मुलाने चहाचा खोटा कप पुढे केल्यावर आपण हसतो तशी. मीही हसले. तिथे बाकावर आम्ही दोघी अर्धा तास बसून होतो, आणि नवरा गेल्यानंतर माझा इतका चांगला गेलेला तो पहिला अर्धा तास असावा.

आता तो शब्द. मी दार उघडून आत गेले, की मला बघताच तिचे डोळे मोठे व्हायचे आणि ती म्हणायची, “एय्या!” दोन्ही हात वॉकरवर, चेहरा उजळलेला. शाळेत माझी एक मैत्रीण होती, तिला काहीही दाखवलं तरी ती अय्या म्हणायची, नवी रिबन असो की मेलेलं झुरळ. सूर अगदी तोच. मला इतकं बरं वाटायचं. माझं येणं हा कुणाला तरी सुखद धक्का होता. एकदा मी मटाराच्या करंज्या करून नेल्या. तिच्या गावाकडेही मटार भरून असाच एक खुसखुशीत पदार्थ करतात, तिने डबा उघडताच ओळखला. “एय्या, एय्या,” म्हणत एक करंजी तिने माझ्यापुढे सरकवली आणि तीन स्वतः खाल्ल्या. कुंपणावर लालभडक कार्डिनल पक्षी येऊन बसला की खिडकीशी उभी राहून “एय्या.” मी स्वयंपाकघरातून “अय्या, हो का?” म्हणायची आणि तिच्यासाठी चहा ओतत राहायची. वहीतला प्रत्येक शब्द मी कोशात पडताळला. हा एकच पडताळला नाही. ज्याची शंका येते ते माणूस तपासतं. ज्याची खात्री असते ते तसंच छापायला जातं, हे मी छापखान्यात नवशिक्यांना शिकवत असे.

गेल्या वर्षीच्या जुलैत ती दोनदा पडली. मुलाने सव्वा तासाच्या अंतरावरचं एक नर्सिंग होम पाहिलं. तिथली माणसं चांगली होती, पण माल्टीज कुणालाच येणार नव्हती. तो माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, तिला काय हवंय हे कुणाला कळलंच नाही तर? तिथे ती नुसती बडबडणारी म्हातारी होऊन जाईल. त्याचे डोळे भरून आले. मी म्हटलं, मी यादी करून देते.

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात स्वच्छ काम होतं. दोन आठवडे लावले. बेचाळीस शब्द, इंग्रजीत, एबीसीच्या क्रमाने, कसा ऐकू येतो, अर्थ काय, आणि ऐकल्यावर काय करायचं. ‘पाणी हवंय. पेला दोन्ही हातांत द्या.’ ‘दुखतंय. कुठे ते बोट लावून विचारा.’ ‘समुद्र कुठे आहे असं विचारते आहे. खिडकीशी न्या.’ तीनदा वाचून काढलं. एकही चूक नाही. मुलाला दाखवायचीही गरज वाटली नाही, यादी परस्पर नर्सिंग होमला पाठवली. ए अक्षराखाली मी लिहिलं होतं: ‘अय्या. आनंद झाला आहे. काही करायची गरज नाही. तुम्हीही हसून अय्या म्हणा.’

ऑगस्टमध्ये ती तिकडे राहायला गेली. गाडीत तिला बसवलं, पट्टा लावला, मांडीवर चर्चचा फोटो दिला. मी खिडकीशी वाकले आणि सवयीने म्हटलं, “येते हं, मावशी.” जात होती ती, आणि येते मी म्हणत होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “एय्या.” मग पुन्हा, “एय्या.” मला तेव्हा भरून आलं होतं, पण म्हटलं बाई खूश होऊन जाते आहे, आपण रडू नये. मी हसले आणि म्हटलं, “अय्या, मावशी.” गाडी वळेपर्यंत मी हसत उभी होते.

त्यानंतर भिंत गप्प झाली. मुलगा सकाळी जायचा, रात्री यायचा. मंगळवारी आणि गुरुवारी बारा वाजले की माझे पाय चपलांकडे जायचे. मला तो आवाज हवा होता. खोटं कशाला बोलू, मला तो मराठीपेक्षाही हवासा झाला होता, कारण मराठीत माझ्याशी कुणी बोलतच नव्हतं. म्हणून मी दुपारी जेवताना तिच्या बेटाचे व्हिडिओ लावायला लागले. कुणीतरी फोनवर काढलेले, साधे. कोळी जाळं विणतोय, बाई टोमॅटो चिरून पावावर घासते आहे, वरच्या मजल्यावरून दोरीला टोपली सोडून पाववाल्याकडून पाव घेतात ते. समजायचं थोडं, पण घरात आवाज असायचा.

नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी दुपारी मी मिठागरांचा एक व्हिडिओ बघत होते. खडकात कोरलेले चौकोनी हौद, त्यांत समुद्राचं पाणी, आणि एक म्हातारा फावड्याने मीठ ओढत होता. त्याचा कुत्रा लांब खडकावर पाण्याशी काहीतरी हुंगत होता. म्हाताऱ्याने मान वर केली आणि हाक मारली, “एय्या! एय्या!” कुत्रा धावत आला.

मी व्हिडिओ मागे नेला. चार वेळा बघितला. चारही वेळा कुत्रा आला.

कोश उघडायला मला हिंमत होत नव्हती. उघडला. एय्या म्हणजे ये. चल, ये. एवढंच. ताटातली भाकरी तशीच राहिली. दारात मला बघून ती ये म्हणत होती, ते ठीक, मी येतच होते. करंजी पुढे करून ये, खा म्हणत होती. खिडकीतून ये, हा पक्षी बघ म्हणत होती, आणि मी चहा ओतत होते. आणि गाडीच्या खिडकीतून ती मला ये म्हणाली होती. दोनदा. मी हसले होते.

नर्सिंग होमला फोन लावला. एका तरुण मुलीने उचलला, तिथली मदतनीस, बोलायला गोड. मी सांगितलं की मावशींच्या यादीतल्या एका शब्दाबद्दल विचारायचं आहे. ती लगेच म्हणाली, “ओह, अय्या! दिवसभर तेच म्हणतात. आम्ही सगळे त्यांना अय्या म्हणतो. शी इज अवर हॅपिएस्ट लेडी.”

तीन महिने. चूक फोनवर सांगता आली असती. सांगितली नाही. मी म्हटलं, मी येते आहे.

हायवेवर गाडी नेहमी नवराच चालवायचा. तो गेल्यापासून मी लायब्ररी, देवळापर्यंतचा रस्ता आणि भाजीचं दुकान, याच्या पलीकडे गेले नव्हते. मोठे ट्रक शेजारून गेले की गाडी हलायची आणि माझे हात घामाने ओले व्हायचे. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त शरम. सव्वा तासाचा रस्ता मी दोन तासांत कापला.

लांब कॉरिडॉर होता. मावशी आपल्या खोलीच्या दारात खुर्चीवर बसल्या होत्या, आणखी लहान झालेल्या. पुसायची बादली ढकलत एक बाई त्यांच्यासमोरून गेली. मावशी म्हणाल्या, “एय्या.” ती बाई थांबली, मनापासून हसली, “अय्या, स्वीटी,” म्हणाली आणि बादली घेऊन पुढे गेली. मावशींनी पुन्हा म्हटलं, तिच्या पाठीला. मी टोकाला उभी राहून बघत होते. माझ्या सूचनेतला प्रत्येक शब्द पाळला जात होता.

मी रस्त्यात सिग्नलला थांबल्यावर एक शब्द घोकला होता. मी येते, आले, असं बाईने म्हणायचं तर त्यांच्याकडे म्हणतात जेय्या. मी कॉरिडॉरमधूनच म्हणत गेले, “जेय्या, मावशी. जेय्या.”

तिने मान वळवली. मला ओळखलं असं मी म्हणणार नाही. पण तिने शेजारच्या खुर्चीवर हात थोपटला, दोनदा. मी बसले. “मेला,” ती म्हणाली, आणि बोलायला लागली. पाव, आई, समुद्र, आणखी कुणाचं तरी नाव, मला इतकंच कळलं. मग बोलणं थांबलं. माझा हात तिने आपल्या मांडीवर ठेवून घेतला आणि त्यावर तिची बोटं लेस विणत राहिली. तिला काही नको होतं. पाणी नको होतं, पांघरूण नको होतं. कुणीतरी येऊन बसायला हवं होतं. तासाभरात एय्या हा शब्द तिच्या तोंडून एकदाही आला नाही.

फोनवरची ती मुलगी दारात डोकावली. माझ्या कानात म्हणाली, “आज अगदी गप्प आहेत. त्या सॅड आहेत का?”

मी तिला बाहेर नेऊन सांगितलं. तिचा चेहरा उतरला, डोळ्यांत पाणी आलं. चांगली पोर होती. मी म्हटलं, “चूक तुमची नाही. लिहिणारीची आहे, आणि ती मी.” पलंगाच्या वर माझी यादी प्लास्टिकमध्ये घालून लावली होती. पेनने त्यावर उमटेना, तेव्हा तिने मार्कर आणून दिला. मी ती ओळ पूर्ण खोडली, समासात खूण केली, आणि बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘एय्या. तुम्हाला बोलावते आहे. दोन मिनिटं का होईना, जाऊन बसा.’

निघताना मी “येते” म्हटलं. ती म्हणाली, “सह्हा.” तेव्हापासून दर गुरुवारी मी जाते. हायवेची सवय झाली आहे, आवड नाही.

त्या पहिल्या गुरुवारानंतर घरी येऊन मी दुसरी यादी करायला घेतली. मराठीची, मुलीसाठी. बरं, हे काळजी करू नको या अर्थी असेल किंवा पुरे झालं या अर्थी, सुरावरून ओळखायचं. अय्या, हा आनंद, काही करायची गरज नाही. येते, याचा शब्दशः अर्थ घेऊ नकोस, मी हे म्हणेन तेव्हा निघालेली असेन. सदतीस शब्द झाले. शेवटी एक उरला. तो तिला येतोच, लहानपणापासून येतो, म्हणून मी आधी वगळला होता. मग पुन्हा वही उघडली आणि अडतिसावा म्हणून घातला. ‘ये. म्हणजे ये.’

रविवारी तिचा फोन आला. यादी पोचली होती. ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, “आई, लास्टवाला तर इझी आहे. आय नो दॅट वन.”

मी म्हटलं, “माहीत आहे. तरी राहू दे.”